चुकलेल्या नेमाची किंमत

ऐंशीच्या दशकात मी मानवतला बँकेत होतो. कापसाचा हंगाम सुरू झाला की शाखेत पाय ठेवायला जागा नसे. त्या गर्दीतही एक वयोवृद्ध खातेदार हमखास माझ्या टेबलाशी येऊन बसत. निजामाच्या अमदानीत त्यांच्या वडिलांनी घेतलेली, परवान्याची एक जुनी रायफल त्यांच्या घरी होती. बोल्ट मागे ओढून काडतूस भरायची, माउझर धाटणीची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि रायफल खुंटीवर गेली. पण हौस काही खुंटीला टांगता येत नाही. तिच्यावर दुर्बीण बसवावी, असे त्यांच्या मनाने घेतले. दुर्बीण मिळेलही, पण ती बसवायची कशावर? मी शिकारकथा वाचतो, एवढ्याच भांडवलावर त्यांनी हा प्रश्न माझ्यापुढे टाकला.

वाचायला लागलो तेव्हा कळले की प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. जुन्या माउझरच्या बोल्टची मूठ उघडताना वर येते आणि मागची सुरक्षेची कळ पंखासारखी उभी राहते. दुर्बीण खाली बसवली तर ही दोन्ही तिला अडतात. उंच बसवली तर नेम धरताना गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. पक्की बैठक हवी तर जुन्या पोलादाला भोके पाडून आटे काढायचे, आणि एकदा पाडलेले भोक काही परत भरून निघत नाही. काढता-घालता येणारी बैठक घ्यावी, तर ती दर वेळी नेमकी त्याच जागी बसली पाहिजे. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर असेल आणि त्यातले एक कडे दशांश मिलिमीटर, म्हणजे साधारण केसभर, सरकले, तर 100 मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. चष्म्याचा नंबर बरोबर असून दांडी वाकडी असली की काय होते, ते आम्हा चष्मेवाल्यांना सांगायला नको.

दहा सेंटिमीटरनी काय बिघडते, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर जिम कॉर्बेट या माणसाच्या आयुष्यात आहे.

कॉर्बेटचा जन्म 25 जुलै 1875 रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. हा लहान असतानाच ते गेले. मोठे खटले, बेताची मिळकत. थंडीत कुटुंब खाली कालाढुंगीला उतरे आणि पोराची खरी शाळा तिथल्या जंगलात भरे. आठव्या वर्षी त्याला पहिली बंदूक मिळाली, ठासणीची दुनळी, तिची एक नळी फुटलेली. एकाच नळीवर भागवायचे आणि दारूगोळा मोजका, त्यामुळे बार वाया घालवायचा नाही ही सवय लहानपणीच जडली. पुढे पोटासाठी त्याने रेल्वेची नोकरी धरली. बिहारात गंगेकाठी मोकामेह घाटावर मालाच्या चढउताराचे कंत्राट त्याने वीसेक वर्षे सांभाळले. आपल्या भाषेत सांगायचे तर हमालांचा मुकादम!

1907 मध्ये कुमाऊँतल्या चंपावतच्या वाघिणीने लोकांना जगणे नकोसे केले होते. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून 436 माणसे तिने मारली, असा सरकारी हिशेब. कॉर्बेटने गावकऱ्यांचा हाका घालून तिला गाठले. जवळची काडतुसे संपली, तेव्हा तहसीलदाराची जुनी, मोडकळीला आलेली बंदूक त्याने हातात घेतली. अगदी जवळून वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला, तर गोळी लागली पंजाला. सुदैवाने आधीच्या गोळ्यांनीच तिचे काम संपवले होते.

मग त्याने तिचे तोंड पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे, दोन्ही सुळे मोडलेले. ती बंदुकीच्या गोळीची जुनी जखम होती. त्या दातांनी नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून वाघीण माणसाकडे वळली. कधीतरी कुणीतरी नेम नीट न धरता बार काढला होता, आणि जखमी जनावराचा माग न काढता तो घरी जाऊन जेवला असेल. त्याची किंमत 436 घरांनी मोजली. वाघ जन्मतः नरभक्षक नसतो, पुष्कळदा त्याला तसे माणूसच करतो, हे कॉर्बेट पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .275 रायफल भेट दिली. तीही माउझर धाटणीचीच, दस्त्यावर चांदीची पट्टी. दुर्बीण नाही. मागची खाच, पुढची माशी आणि शिकाऱ्याचा डोळा, बस्स.

मात्र साधनांचा त्याला विटाळ होता असे नव्हे. रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत 125 बळी घेतले. त्याच्यासाठी कॉर्बेटने बंदुकीला विजेची बॅटरी बसवली होती. मे 1926 च्या एका रात्री, आंब्याच्या झाडाखाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली. त्याने बटण दाबले, माशी बिबट्याच्या खांद्यावर जुळलेली दिसली, बार झाला आणि बॅटरी विझली. क्षणभराचाच उजेड, पण आयत्या वेळी बैठक हलली नव्हती.

पुढे त्याच्या हातात बंदुकीऐवजी चित्रफितीचा कॅमेरा जास्त दिसू लागला. 1936 मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय उद्यानाला त्याने हातभार लावला. त्याच उद्यानाला पुढे त्याचे नाव मिळाले. ठाकची शेवटची नरभक्षक वाघीण त्याने 1938 मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, मावळत्या उजेडात मारली. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' 1944 मध्ये निघाले ते मुंबईच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून. पहिल्या आवृत्तीचे मानधन त्याने युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांच्या संस्थेला दिले. 1947 मध्ये तो केनियाला गेला आणि 19 एप्रिल 1955 रोजी तिथेच वारला. ती रिग्बी रायफल आजही जपलेली आहे, आणि 2016 मध्ये ती भारतात येऊनही गेली.

हे चरित्र मी त्या खातेदारांना तुकड्यातुकड्याने, व्हाउचरवर सह्या करता करता सांगितले होते. वाघिणीच्या सुळ्यांची गोष्ट ऐकून ते गप्प झाले. पुढच्या बाजारच्या दिवशी आले, पासबुक भरून घेतले, पण दुर्बिणीचा विषय काढला नाही. मीच विचारले. रायफल वडिलांनी दिली तशीच राहू दे, म्हणाले. मग आवाज उतरवून सांगितले, की तरुणपणी त्यांची गोळी खाऊन एक रानडुक्कर ज्वारीत निसटले होते. रात्र झाली म्हणून ते घरी परतले. आणि दुसऱ्या दिवशी शोधायला गेलेच नव्हते.