दादासाहेबांचा रीमेक

मेसमधली आमटी गार होते पण आमच्या विंगचा वाद काही मिटत नाही. २००२ चा टोबी मॅग्वायर, २०१२ चा अँड्र्यू गारफिल्ड की २०१७ चा टॉम हॉलंड, खरा स्पायडरमॅन कोण? एका पार्टीचं ठाम मत, हॉलिवूडवाल्यांना नवीन काही सुचत नाही म्हणून तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगतात. मित्रांनो, ह्या पार्टीने धुंडिराज गोविंद फाळके यांचं चरित्र जरूर वाचावं. क्विझमध्ये 'भारतीय चित्रपटाचे जनक' एवढं उत्तर ठोकून आपण त्यांना सोडून देतो.

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्म. मुंबईचं जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, मग छापखाना, मग भागीदारांशी बिनसलं. चाळिशीच्या आसपास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले देव असेच पडद्यावर आणायचे हे वेड डोक्यात शिरलं. रात्रंदिवस अभ्यास करून डोळे गेल्यात जमा झाले होते, उपचारांनी वाचले.

१९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं मशीन घेऊन आले. पैसेवाल्यांना पटवायला त्यांनी केलं काय, तर कुंडीत वाटाणा पेरून त्याची रोजची वाढ थोडी थोडी शूट केली. पडद्यावर वेल भराभर वाढताना दिसला. टाइम-लॅप्सचा डेमोच की हा! आपल्या प्रोजेक्टला असा एक डेमो जमला तरी पुष्कळ. सरस्वतीबाई (दुसरी पत्नी) अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या आणि सगळ्या युनिटचं जेवणही करायच्या. त्यांचं नाव मात्र क्विझमध्ये कुणी विचारत नाही.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. हरिश्चंद्राची गोष्ट कीर्तनात, नाटकात ऐकून-बघून लोकांना पाठ होती, सस्पेन्स शून्य. तरी लोक आले, कारण पाठ असलेली गोष्ट हलताना बघायची होती. मी धरमतरचा. जवळच्या पेणला गणपतीचा साचा तोच असतो, तरी माणसं यंदाच्या डोळ्यांची आखणी बघून पसंत-नापसंत करतात. तसंच हे. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! उडणारा हनुमान बघायला इतकी गर्दी, की चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागली म्हणे.

आणि त्याच १९१७ साली दादासाहेबांनी स्वतःचाच 'हरिश्चंद्र' पुन्हा काढला, 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' नावाने. म्हणजे चार वर्षांत रीबूट, तोही मूळ दिग्दर्शकाकडून. गंमत पुढेच आहे. आज 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जी रिळं उरली आहेत ती १९१३ ची नसून ह्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर ओरिजिनलच्या नावाने आपण रीमेकलाच हात जोडतोय.

मग त्यांच्यावरही पाळी आली. नाशिकची हिंदुस्तान फिल्म कंपनी, 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झालेली मुलगी मंदाकिनी, भागीदारांशी भांडण, काशीला जाणं, परत येणं, सगळं झालं. पण १९३२ मध्ये प्रभातने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली तोच हरिश्चंद्र 'अयोध्येचा राजा' म्हणून आणला, बोलता, गाता, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. जे १९१३ ला जमलं नव्हतं ते रीमेकने करून दाखवलं. मला हे प्रामाणिकपणे चांगलंच वाटतं. पण दादासाहेबांचा 'सेतुबंधन' तेव्हा मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला आवाज मागाहून जोडावा लागला. ट्रिक सीनमध्ये हात धरणारा कुणी नसलेला हा माणूस साउंडने मागे टाकला.

१९३७ मध्ये, वय ६७, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' काढला. पुन्हा पौराणिक गोष्ट, आणि मूळचा बोलपट असा त्यांचा हा एकच. त्यानंतर चित्रपट नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले.