इरावतीबाईंची बर्लिनवारी

आषाढीच्या आठवड्यात कुर्डुवाडी जंक्शनवर गर्दी काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. पंढरपूरच्या गाडीसाठी टाळ-पताका घेऊन फलाटावर बसलेले वारकरी आणि त्यांच्यातून वाट काढत कॉलेजला पळणारे तुम्ही. तुमच्यातल्या एखाद्याच्या मोबाईलवर जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीचं पान उघडं असतं. फी नसल्यात जमा आहे, पण ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे कुठून आणायचे? घरच्यांना कसं पटवायचं? भाषा जमेल का?

जवळपास शंभर वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, हेच प्रश्न पुण्याच्या एका मुलीपुढे होते. इरावती कर्वे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून तुम्हाला नाव माहीत असेल. जन्म ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या नदीचं नाव. सातव्या वर्षी त्या शिकायला पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. म्हणजे घर सोडून राहण्याची सवय लहानपणीच लागलेली.

घरच्यांचा विरोध म्हटलं की आपल्याला जुन्या वळणाचं घर आठवतं. इथे विरोध करणारे सासरे होते खुद्द महर्षी धोंडो केशव कर्वे! बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूस, पण सुनेनं जर्मनीला जावं हे त्यांना पटेना. नवरा दिनकर मात्र स्वतः जर्मनीत शिकून आलेला, तो पाठीशी राहिला. पैशाची सोय जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन झाली. आणि इरावतीबाई निघाल्या.

बर्लिनमधली मानववंशशास्त्राची संस्था तेव्हा नवीकोरी होती, १९२७ ची. प्रमुख होते ऑयगेन फिशर. त्या शास्त्रातलं मोठं नाव. गोरा युरोपीय माणूस जन्मानंच अधिक बुद्धिमान, अशी त्यांची धारणा. त्यांचा अंदाज असा, की गोऱ्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, त्यामुळे त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. इतर वंशांत तसं दिसणार नाही. आता हे कवट्या मोजून दाखवायचं काम आलं कुणाकडे? हिंदुस्थानातून आलेल्या या सावळ्या विद्यार्थिनीकडे.

तुम्ही काय केलं असतं? खरंच विचार करा. डोक्यावर कर्ज, प्रबंध परक्या भाषेत, मार्क देणार तेच सर. दोन वर्षं मान डोलवायची आणि डिग्री घेऊन घरी यायचं, असं केलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू, पुन्हा डावी. दोन बाजूंतला फरक दिसत होता, पण वंशाशी त्याचा काही संबंध लागत नव्हता. त्यांनी तसंच लिहिलं. फिशर यांनी श्रेणी अगदी खालची दिली, पण डॉक्टरेट मिळाली. पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांचं शास्त्र नाझींच्या कामी आलं.

एक गोष्ट मात्र खटकते. परत आल्यावरही त्या बरीच वर्षं इथल्या जातीजमातींची डोकी-नाकं मोजत राहिल्या. बर्लिनमध्ये शिकलेली मोजपट्टी हातातून लवकर सुटली नाही. बाकी कशाची भीड मात्र उरली नव्हती. नवऱ्याला नावानं हाक मारायच्या, पुण्यात स्कूटर चालवायच्या. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि अभ्यासासाठी गावोगाव हिंडत होत्या.

आणि एका वर्षी त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत निघाल्या. वाटेवर सगळे माऊली, सगळ्यांच्या तोंडी तेच अभंग. मुक्कामाला मात्र त्यांच्याच दिंडीत ब्राह्मणांची चूल वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. लहानपणापासून वारीबद्दल ऐकलेल्या कुणालाही हे दिसलंच नसतं, किंवा दिसूनही त्याचं काही वाटलं नसतं. बाईंना ते लागलं. वारीवरच्या लेखात त्यांनी ते लपवलं नाही, आणि त्याच लेखात ज्या प्रदेशातली माणसं पंढरीला जातात तोच महाराष्ट्र, असंही मनापासून लिहिलं.

दिंडीत त्या मराठा बायकांच्या पंगतीलाही जेवायला बसल्या. मग त्या बायका चालताना त्यांचा हात धरून घरच्या गोष्टी सांगायला लागल्या, आणि पंढरपूर जवळ आलं तोवर त्यांना ‘ताई’ म्हणायला लागल्या होत्या.