केडगावच्या पंडिता रमाबाई

श्रीपूर परिसरातील आमचे जे वाचक कुर्डुवाडीहून आगगाडीने पुण्यास जातात, त्यांना दौंड ओलांडल्यावर केडगाव स्थानक लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही उभे आहे. रमाबाई आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. तरीही अपेक्षाभंगाने खचलेला कोणी भेटीस आला की आम्हांस बहुधा त्यांचेच चरित्र आठवते.

त्यांचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील व थोरली बहीण दगावली. १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारीही गेले, तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. वैद्यकशास्त्र शिकण्याच्या उमेदीने १८८३ साली त्या इंग्लंडला पोहोचल्या, परंतु वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग खुंटला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. त्यानंतरही मनाची शांती लाभण्यास कित्येक वर्षे जावी लागली, हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. प्रार्थना करूनही मन निवत नाही म्हणून ज्यांना अपराधी वाटते, त्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

सर्वांत जिव्हारी लागणारा आघात पुढेच होता. ११ मार्च १८८९ रोजी विधवांसाठी मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेस काही मुली आपण होऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांना सर्वस्वी दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही, कारण शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर त्यांनी मुली धाडल्या होत्या. पण प्रार्थनेच्या खोलीचे दार लावून घेणे रमाबाईंना मान्य नव्हते. सदन रोडावले, तरी त्यांनी ते मोडले नाही.

तीन वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय, हे रमाबाईंनी बालवयातच भोगले होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावची माळरानाची जमीन त्यांच्या निवाऱ्यासाठी कामी आली. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती.

आपल्यामागे हे कार्य मनोरमाने चालवावे, अशी आईची अपेक्षा होती. कन्या त्या योग्यतेचीही होती. याच लोहमार्गावर सोलापूरच्या पुढे गुलबर्ग्यास तिने मुलींसाठी शाळा उघडली होती. १९२१ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ती वारली. वृद्ध माता तेव्हा पवित्र शास्त्राचे मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर करीत होती. ते काम त्यांनी थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला आणि १९२४ साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.