गुणाढ्य पंडित

गोदातीरीं प्रतिष्ठान नगरीं, म्हणजे आजच्या पैठणांत, सातवाहन राजाच्या पदरीं गुणाढ्य नांवाचा पंडित होता. त्याची कथा सोमदेवानें 11 व्या शतकांत कथासरित्सागरांत सांगितली आहे.

जलक्रीडेंत राणीनें पाणी उडवूं नका असें संस्कृतांत विनविलें; राजानें संधि न ओळखतां मोदक मागविले व त्याचें हंसें झालें. त्यास व्याकरण शिकविण्यास गुणाढ्यानें 6 वर्षें मागितलीं, शर्ववर्म्यानें 6 महिने. हें साधल्यास संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडीन, असा गुणाढ्यानें पण केला. तो हरला आणि शब्द पाळून मौन धरून विंध्यारण्यांत गेला.

तेथें तो पिशाचांची भाषा शिकला. तींत 7 वर्षांत 7 लक्ष श्लोकांची बृहत्कथा त्यानें शाईअभावीं स्वतःच्या रक्तानें लिहिली. भाषा हीन म्हणून राजानें ग्रंथ अव्हेरला. तेव्हां एकेक पान वाचून तो अग्नींत टाकूं लागला. पशु चारा विसरून ऐकत राहिले. राजा कुतूहलानें आला तों 1 लक्ष श्लोक उरले होते. पुढें तेहि लुप्त झाले. रूपांतरें तेवढीं राहिलीं.

इंग्लंडांत प्राध्यापक टोल्किन (1892–1973) यांनीं एल्फ नामक कल्पित जातीसाठीं भाषा नव्यानें रचल्या. पैशाची मात्र माणसांचीच बोली असावी, असें अनेक विद्वान् मानतात.

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत कोणाच्या घरीं गोंडी बोलतात, कोणाच्या घरीं पोवारी. मुलांनो, सोबत्याच्या बोलीस हंसण्यापूर्वीं त्या जळालेल्या 6 लक्ष श्लोकांचें स्मरण ठेवा.