पंडिता रमाबाई आणि धर्मपीठाचा उंबरठा

रायगड किनाऱ्यावरील कोर्लई गावी पोर्तुगीज काळापासून कॅथॉलिक वस्ती आहे. तेथील वेदीवर, इतर सर्व कॅथॉलिक वेदींप्रमाणेच, पुरोहित पुरुषच असतो. स्त्रीला ही दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये जाहीर केले. या वादात पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवावे.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचा १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरव केला. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे, अशी सूचना निघताच बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांच्या सभेत शास्त्रार्थ सांगणाऱ्या विदुषीला नव्या धर्मातही जुनाच उंबरठा आडवा आला! रमाबाईंनी मात्र आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही स्वाधीन केली नाही. केडगावच्या ‘मुक्ती’त त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणले, १९२२ मध्ये त्या निवर्तल्यावर ते प्रसिद्ध झाले.

कॅथॉलिक धर्मभगिनी शाळा आणि रुग्णालये चालवितात. स्त्रीचे श्रम स्वीकारावयाचे आणि अधिकार नाकारावयाचा, हा हिशेब न्यायाचा कसा ठरावा?