वसतिगृह वेगळं, वर्ग एकच

कोल्हापुरात शिकायला आलेल्या प्रत्येकाला शाहू महाराज पहिल्या आठवड्यातच भेटतात. दसरा चौकातून जाताना त्यांचा पुतळा दिसतो, आसपास जुनी बोर्डिंगं दिसतात. जयंतीला आपण मिरवणूकही बघतो. पण आपण हॉस्टेलवाले खरं तर त्यांच्याच पंगतीतले, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं आणि २ एप्रिल १८९४ ला, विसाव्या वर्षी, राज्यकारभार हाती आला. आपण त्या वयात सेकंड इयरचे बॅकलॉग मोजत असतो!

खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर शहरात राहायची-जेवायची सोय हवी, हे त्यांनी ओळखलं. आधी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं. पण दार सगळ्यांना उघडं असूनही थोड्याच वर्षांत तिथे एकाच जातीची मुलं उरली. नुसतं दार उघडून भागत नाही, आत येण्याची ताकदही द्यावी लागते, हा धडा त्यातून मिळाला. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पाठोपाठ जैन, मुस्लिम आणि लिंगायत बोर्डिंगं आली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड!

मला सगळ्यात मोठा वाटतो तो १९१९ चा आदेश. संस्थानात अस्पृश्य मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. महाराजांनी त्या बंद केल्या आणि ही मुलं सर्वांच्या शाळेत, सर्वांबरोबर बसतील असं ठरवून दिलं. म्हणजे बघा, राहण्या-जेवण्याचा आधार ज्याला जसा हवा तसा वेगळा, पण वर्ग मात्र एकच. ६ मे १९२२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांना पन्नाशीही गाठता आली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आज कशाला? आमच्या वर्गात कुबड्या घेऊन येणारा एक मित्र आहे, म्हणून. लेक्चर दुसऱ्या मजल्यावर असलं की तो दहा मिनिटं आधी निघतो, आणि ऐनवेळी वर्ग बदलला की त्याचं अर्धं लेक्चर जिन्यातच जातं. अपंगांसाठी वेगळं कॉलेज असायला हवं, असं कुणी सहज बोलून जातं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण वेगळ्या शाळांच्या बाजूनं नेहमी असंच बोललं जातं.

जगातही हाच वाद झाला. इटलीनं १९७७ च्या कायद्यानं अपंग मुलांचे वेगळे वर्ग मोडीत काढले. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामान्का इथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी सर्व मुलांना सर्वसाधारण शाळेत घ्यायचं धोरण मान्य केलं. आपल्याकडे १९९५ चा आणि नंतर २०१६ चा कायदा आला. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेत आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत. आणि कोल्हापूरला तर लांब बघायचीही गरज नाही. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथेच 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' उभी केली.

अर्थात, आधार न देता मुलाला नुसतं वर्गात आणून बसवणं म्हणजे महाराजांच्या त्या पहिल्या वसतिगृहाची गत. दार उघडं, पण आत टिकणार कोण? अंध मुलाला ब्रेल किंवा बोलणारा कॉम्प्युटर हवा, कर्णबधिराला खुणांची भाषा येणारं माणूस हवं, शिक्षकांना प्रशिक्षण हवं. या गोष्टींना पैसा लागतो, हे खरंच आहे. बोर्डिंगांनाही लागला होता. महाराजांनी जागा दिल्या, देणग्या दिल्या.

सगळंच काही खर्चाचं नसतं. टाइमटेबल लावताना आमचा वर्ग तळमजल्यावर ठेवायला एक रुपयाही लागत नाही. वर्ग बदलला तर आदल्या दिवशी फळ्यावर लिहायला खडूच पुरतो. रॅम्पचं म्हणाल तर सिव्हिलची पोरं कशासाठी आहेत? एक मीटर चढायला बारा मीटर लांबी धरायची, एवढं गणित त्यांना नक्की येतं. येत्या २६ जूनला पुतळ्याला हार घालायला आपण सगळे जाऊच. त्याआधी रॅम्पचं ड्रॉइंग प्राचार्यांच्या टेबलावर गेलेलं असावं, एवढंच म्हणणं आहे.