विश्लेषण : दादासाहेब फाळके यांनी विनोदी लघुपटही काढले होते… ते आज कुठे आहेत?

दादासाहेब फाळके म्हटले की ‘राजा हरिश्चंद्र’ आणि पौराणिक चित्रपट आठवतात. मात्र, याच माणसाने मूकपटांच्या काळात प्रेक्षकांना हसवण्यासाठी लघुपट काढले, काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या. चार्ली चॅप्लिन फेब्रुवारी १९१४ मध्ये प्रथम पडद्यावर दिसला. साधारण त्याच सुमारास फाळके यांचे हे प्रयोग सुरू होते.

गंमत करण्याची आवड कुठून आली?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, छपाई असे बरेच उद्योग त्यांनी केले. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही करू लागले. हे नाव म्हणजे ‘फाळके’ची अक्षरे उलटी. समोरच्याला फसवायचे आणि फसल्यावर त्यालाच हसू आणायचे, ही जादूगाराची युक्ती पुढे कॅमेऱ्यामागे कामी आली.

पहिला प्रयोग कोणता?

१९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळके यांनी चित्रपट काढायचे ठरवले. विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तंत्र शिकून आले. भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण केले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. हाच ‘अंकुराची वाढ’.

मुख्य चित्रपटासोबत विनोद कशासाठी?

तेव्हा नुसत्या एका चित्रपटावर खेळ होत नसे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच कार्यक्रमात नाच, विनोदी नकला, पायांनी कसरती करणारा कलाकार आणि विनोदी चित्रफिती होत्या. पडद्यावरची पाटी वाचू शकणारे थोडे असत. पण घसरून पडणारा किंवा मार खाणारा माणूस कोणालाही कळतो. तमाशातल्या सोंगाड्याला हसणाऱ्या प्रेक्षकाला ही आदळआपट नवी नव्हती. ‘मोहिनी भस्मासुर’सोबत फाळके यांनी ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट दाखवला. त्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. तोवर स्त्रियांची कामे पुरुषच करत.

काड्या नाचल्या कशा?

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि भांडवल आटले. कच्ची फिल्मही परदेशातूनच येत असे. मोठा चित्रपट काढणे अवघड झाले. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने कामी आले. त्या दिवसांत, १९१५ च्या सुमारास, ‘आगकाड्यांची मौज’ तयार झाला. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली, तर एका मिनिटासाठी हे सुमारे ९६० वेळा करावे लागते. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्यांचा असाच चित्रपट केला होता. इथे नट नको, वेशभूषा नको. खर्च होता तो वेळेचा.

पौराणिक चित्रपटांत विनोद होता का?

होता. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. यातला कृष्ण लोणी चोरतो, गावकऱ्यांचा मार खातो. रात्री व्यापाऱ्याच्या घरात शिरून त्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. कालियाशी झुंज येते ती या खोड्यांनंतर.

मग हे लघुपट गेले कुठे?

त्या काळची नायट्रेट फिल्म लवकर पेट घेई आणि नीट न ठेवल्यास कुजून जाई. जपून ठेवण्याची व्यवस्था नव्हती. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. फाळके यांच्या नावावर ९५ चित्रपट आणि २७ लघुपट सांगितले जातात. त्यांतील फारच थोडे भाग शिल्लक आहेत. 

बोलपटांच्या काळात फाळके मागे पडले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो. त्यांचा विनोद पाहायचा, तर ‘कालिया मर्दन’चा उरलेला भाग इंटरनेटवर आहे. मंदाकिनीच्या खोड्या शंभर वर्षांनंतरही आवाजाशिवाय कळतात.